तुंबलेला रॉक फिल्टर धुतला, त्याची हकिकत

आमच्या गावच्या सांडपाण्याच्या तळ्यावरचा रॉक फिल्टर आम्ही यंदा, २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत, पूर्ण उपसला, धुतला आणि पुन्हा भरला. काम हाती घेतलं तेव्हा असं काही केलेलं माणूस आसपासच्या गावांत सापडेना. तळी आहेत, दगडांची कुंडंही आहेत, पण तुंबली की तशीच सोडून दिलेली. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते, तारखा आणि खर्चासह. मी अभियंता नाही. शाळेत विज्ञान शिकवते आणि गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं. गटारांचं पाणी आधी एका खोल खड्ड्यात पडतं, तिथे जड गाळ बसतो. मग साधारण ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद उथळ तळं. तिथे ऊन आणि शेवाळ मिळून पाणी बरंच साफ करतात, पण शेवटी ते शेवाळच पाण्याबरोबर बाहेर पडायला लागतं. ते अडवायला शेवटी दगडांचं कुंड, हाच रॉक फिल्टर. आमचं १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, १.३ मीटर खोल आहे. त्यात ७५ ते २०० मिलिमीटरचे दगड असतात. पाणी दगडांच्या वरच्या थराखालून आडवं सरकतं, शेवाळ फटींत बसतं आणि तिथेच कुजत जातं. याचे सुरुवातीचे प्रयोग १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात युडोरा इथे झाले होते. वीज लागत नाही, पंप लागत नाही, म्हणून ग्रामपंचायतीला परवडणारी गोष्ट आहे. पण फटी भरल्या की सगळं थांबतं.

आमच्याकडून रोज अंदाजे ६० हजार लिटर पाणी ओढ्याला जातं आणि ओढा पंचगंगेला. तेवढ्याने काय होणार, असं बरेच जण म्हणतात. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली तेव्हा माझ्या मामेबहिणीचं घर तिथे होतं. खालच्या अंगाला कुणीतरी हेच पाणी पितं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

डिसेंबरात तळ्याशेजारच्या उसाचे मालक, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, शाळेत आले. “बाई, दगडावरनं पाणी वाहायलंय, आणि वास तर लई मारायलाय.” जाऊन पाहिलं. इनलेटच्या बाजूला दगडांवर पाणी साचलेलं, वर पाणकणीस आणि गवत माजलेलं, बाहेर पडणारं पाणी काळसर, सडक्या अंड्यांचा वास. तळ्याची पातळीही वर चढलेली.

तुमच्याकडे फिल्टर तुंबलाय का, हे पाहायला यंत्र लागत नाही. चार इंची पीव्हीसी पाइपला भोकं पाडून तो दगडांत उभा रोवायचा, एक इनलेटजवळ आणि एक आउटलेटजवळ, आणि आतल्या पाण्याची पातळी मोजायची. फिल्टर मोकळा असेल तर दोन्हींत फार फरक नसतो. आमच्याकडे ३८ सेंटीमीटरचा फरक निघाला. हा आकडा वहीत लिहून ठेवला, तो पुढे कार्यालयात फार उपयोगी पडला. “वास येतो” या तक्रारीवर अंदाजपत्रक होत नाही, मोजमापावर होतं.

बाहेरच्या पाण्याचा नमुनाही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो. बीओडीची (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागतो, त्याचं माप) चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस चालते, तेव्हा दुसऱ्या दिवशी फोन करून उपयोग नाही. अहवाल आला: बीओडी ४६, तरंगते घनपदार्थ १४२ मिलिग्रॅम प्रतिलिटर. नदी-ओढ्यात सोडायची मर्यादा अनुक्रमे ३० आणि १००.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेतला. सरपंच ताईंनी अहवाल वाचून दाखवला. कुणीतरी म्हणालं, नवीन प्रकल्पच मागूया. मला हे पटत नाही. आहे ते धुऊन चालतं का, हे पाहिल्याशिवाय नवीन मागणं म्हणजे पुढची चार-पाच वर्षं काळं पाणी सोडत राहणं. ठराव झाला, खर्च १५व्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करायचा. हा निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता, त्यामुळे खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा याचा वाद झाला नाही. काम गावाच्या वार्षिक आराखड्यात आहे का ते मात्र आधीच पाहा. आमच्यात “सांडपाणी व्यवस्थापन दुरुस्ती” अशी एक ओळ होती, त्यावर निभावलं.

अडकलो ते अंदाजपत्रकात. ११ फेब्रुवारीला शाखा अभियंता येऊन मोजमाप करून गेले. कामांच्या सरकारी दरसूचीत “रॉक फिल्टर साफ करणे” अशी बाबच नाही, आणि बाब नाही तर दर नाही. फाइल दोन टेबलांमध्ये फिरत राहिली. शेवटी एका अनुभवी लिपिकाने वाट दाखवली: कामाचे तुकडे करा. दगड उपसणे, हाताने चाळणे व धुणे, काळ्या दगडाचे डबर पुरवणे, पुन्हा रचणे, गाळ वाहून नेणे. यातल्या प्रत्येकाला किंवा त्याच्या जवळच्या बाबीला दर मिळतो. तसं केल्यावर १ लाख ९६ हजारांचं अंदाजपत्रक तयार झालं आणि १३ मार्चला तांत्रिक मंजुरी मिळाली. पुढे पाडवा आणि आर्थिक वर्षाची अखेर. त्या काळात कुणाचीच सही मिळत नाही, हे गृहीत धरूनच चालावं. मला रोज धास्ती होती ती पावसाची. उपसलेलं कुंड आणि वर पाऊस, म्हणजे धुतलेलं सगळं परत मातीत.

या थांबण्याच्या दिवसांत एक महत्त्वाचं काम झालं. फिल्टर का तुंबला ते शोधलं. दगडांत तीन ठिकाणी हाताने खड्डे घेतले. इनलेटपासून पहिले दोन मीटर वरपासून तळापर्यंत गच्च, तर पुढे फक्त तळाशी वीस-पंचवीस सेंटीमीटर चिखल. इनलेटजवळचा गाळ बोटांनी चोळला तर त्यात शेवाळापेक्षा शेणाचा चोथा आणि बारीक मुरूम जास्त. शेण येतं गावातल्या गोठ्यांतून. आमच्याकडे दारात म्हैस नाही असं घर शोधावं लागतं, आणि गोठा धुतलेलं पाणी सरळ गटारात जातं. मुरूम येत होता तळ्याच्या बांधावरून. बांधाच्या आतल्या उताराला दगड लावलेलेच नव्हते, प्रत्येक पावसाळ्यात तो थोडा थोडा उतरत होता. आणि मूळ भरावात मांजऱ्या दगडही सापडला, हातात घेतला की ढलप्या निघणारा. तळ्यातून फिल्टरकडे येणारा पाइपही अगदी वरच्या थरातलं पाणी घेत होता, आणि उन्हात शेवाळ नेमकं वरच्याच थरात दाट असतं. म्हणजे नुसते दगड धुऊन दोन-तीन वर्षांत पुन्हा हेच झालं असतं. अंदाजपत्रकातल्या “संकीर्ण”मध्ये पाइप बदलणं आणि बांधाला दगड लावणं तेव्हाच घालून घेतलं.

तीन दरपत्रकं मागवून ४ एप्रिलला कार्यादेश निघाला. काम मात्र १५ तारखेला सुरू झालं, कारण १२ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा. त्या आठवड्यात आमच्या भागात मजूर मिळत नाहीत आणि मागूही नयेत. मधल्या दिवसांत तयारी केली. फॅब्रिकेटरकडून सळ्यांची तिरकी चाळण करून घेतली, सळ्यांमध्ये ५० मिलिमीटर अंतर. गमबूट, जाड रबरी हातमोजे, गॉगल आणले. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सगळ्यांना धनुर्वाताची इंजेक्शनं दिली. लेप्टोबद्दल (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हातापायावर जखम असलेल्या एकाला कामावर घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं. त्याला आम्ही चाळणीपासून दूर, नव्या दगडांच्या मोजणीवर ठेवलं, त्याची मजुरी बुडू दिली नाही.

कुंडाला मधोमध भिंत आहे आणि दोन्ही भागांना वेगळे व्हॉल्व्ह. हे आमचं नशीब. एक भाग चालू ठेवून दुसरा उपसता आला. भिंत नसेल तर वाळूच्या गोण्या आणि जाड ताडपत्रीचा बांध घालावा लागेल. सुरुवातीचे तीन दिवस दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवले. तळ्याचं क्षेत्र ६०० चौरस मीटर, रोजची आवक ६० घनमीटर, म्हणजे पातळी दिवसाला १० सेंटीमीटर चढणार. बांधाला अर्धा मीटर मोकळीक होती, त्यातली तीस सेंटीमीटर वापरली. हा हिशोब आधी कागदावर करा. मी तो नववीच्या वर्गात गणित म्हणूनही घातला.

आता गॅसबद्दल, आणि हे नीट वाचा. तळाचा काळा चिखल हलवला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो. थोडा असताना वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे “आता वास गेला, उतरायला हरकत नाही” हे जिवावर बेतणारं आहे. आम्ही आउटलेटच्या चेंबरची झाकणं आदल्या संध्याकाळीच काढून ठेवली आणि चेंबरमध्ये कुणालाही, कोणत्याही कारणासाठी उतरू दिलं नाही. गाळ लांब दांड्याच्या खोऱ्याने आणि पंपाने वरूनच काढला. कुंडात उतरायचं ते पाणी काढून, जेसीबीने वरचा थर उलगडून, काही तास उघडं ठेवल्यावरच. वाऱ्याकडे पाठ करून, आणि वर काठावर एक माणूस कायम. दुसऱ्या दिवशी एका पोराचं डोकं दुखायला लागलं, तेव्हा त्या दिवसाचं काम तिथेच बंद केलं. मुकादम म्हणाला, मजुरी फुकट जाईल. जाऊ दे म्हटलं.

जेसीबी कुंडात उतरवू नका. खालचा कोबा फुटतो आणि दगड चुरडून नवीन चुरा तयार होतो. आमचं मशीन दोन्ही बाजूंच्या बांधांवर उभं करून मागच्या बकेटने उपसलं, शेवटचा वीतभर थर माणसांनी फावडं-घमेल्याने काढला. शाखा अभियंत्यांचं मत होतं की इनलेटकडचे पहिले दोन मीटरच उपसा, बाकी जागेवरच पाण्याने धुवा, खर्च निम्मा होईल. मी आग्रह धरला की निदान एक भाग पूर्ण उघडून पाहू. तळ उघडा पडला तेव्हा आउटलेटच्या जमा-पाइपची (गाळलेलं पाणी गोळा करणारा भोकांचा पाइप) बहुतेक भोकं पाणकणसाच्या मुळांनी बंद झालेली दिसली. वरून कितीही पाणी मारलं असतं तरी ते कळलं नसतं. मग दुसरा भागही पूर्णच काढायचं त्यांनीच सुचवलं.

धुण्याची पद्धत अशी बसली. दगड चाळणीवर ओतायचे, ५० मिलिमीटरच्या खालचं सगळं खाली पडतं. वरच्या दगडांवर एचटीपी पंपाने, ज्याने आपण उसावर आणि द्राक्षांवर फवारणी करतो त्यानेच, तळ्याचं पाणी मारायचं. शेवटचा एक हात विहिरीच्या पाण्याचा, तो आण्णांनी त्यांच्या मोटरीवरून दिला, पैसे घेतले नाहीत. वर उगवलेली मुळं हातानेच ओढून काढावी लागतात, पंपाने निघत नाहीत. सकाळी साडेसहाला सुरू करून अकराला थांबायचो. एप्रिलच्या उन्हात त्या वासात त्यापुढे कुणी उभं राहू शकत नाही, आणि राहायला लावूही नये.

आणि धुतलेलं पाणी जाणार कुठे? सगळ्या कामातला हा खरा प्रश्न आहे. ओढा वीस पावलांवर. जेसीबीवाले मामा, चांगला माणूस, पहिल्याच सकाळी म्हणाले, “बाई, ढीग ओढ्याकडं सारतो की. दोन वळवाच्या पावसात साफ वाहून जातंय.” त्यांचं काम सोपं करायला ते म्हणत होते. पण साठलेली घाण एकदम ओढ्यात लोटली असती, तर इतकी वर्षं फिल्टरने जे अडवलं ते सगळं आठवड्याभरात पंचगंगेत गेलं असतं. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी, प्राणवायू आधीच कमी, मासे मरतात ते असल्याच वेळी. मी मामांना तसं समजावलं. ते म्हणाले, “मग कुठं टाकायचं ते दाखवा, मी टाकतो.” आणि शेवटपर्यंत त्यांनी एक बकेट इकडची तिकडे होऊ दिली नाही.

घट्ट गाळ आम्ही तळ्याच्या वरच्या अंगाला, मातीचे छोटे बांध घालून, खाली प्लास्टिक अंथरून वाळत टाकला. पातळ पाणी ताडपत्रीच्या उतारावरून एका खड्ड्यात आणि तिथून मड पंपाने तळ्याआधीच्या पहिल्या खोल खड्ड्यात परत. सगळाच गाळ परत पाठवला असता तर पहिला खड्डा भरून गेला असता, म्हणून घट्ट वेगळा करणं गरजेचं. वाळलेला गाळ पाहून दोघा-तिघांनी शेताला मागितला. दिला नाही. जंतांची अंडी त्यात अनेक महिने जिवंत राहतात, भाजीपाल्यात तो जाता कामा नये. तो झाकून ठेवलाय, पुढच्या वर्षी गायरानातल्या झाडांच्या आळ्यात घालायचा ठराव आहे.

भरताना इनलेटजवळ आणि जमा-पाइपभोवती मोठे, १५० ते २०० मिलिमीटरचे दगड हाताने रचले, मध्ये बाकीचे. वरचा वीतभर थर पाण्याच्या पातळीच्या वर कोरडा राहील असं पाहिलं, नाहीतर डास होतात आणि उन्हाने दगडांवरच शेवाळ धरतं. एकूण ४१ ब्रास दगडांपैकी ११ ब्रास चुरा आणि मांजऱ्या म्हणून बाद झाले. नवीन डबर खाणीवर जाऊन स्वतः पाहून घेतलं. हातोड्याने ठोकून खणखणीत वाजेल तोच, आणि क्रशरची पावडर लागलेला दगड गावात धुऊनच कुंडात. रॉयल्टीची पावती गाडीबरोबरच मागून घ्या. ती नसेल तर बिलातून रक्कम कापतात आणि मग पुरवठादाराशी भांडत बसावं लागतं.

पहिला भाग एप्रिलअखेर चालू झाला, दुसरा १४ मे रोजी. तळ्यातून फिल्टरकडे येणाऱ्या पाइपला खाली वळवलेला टी (T आकाराचा जोड) बसवला, आता पाणी पृष्ठभागाखाली साठ सेंटीमीटरवरून येतं, त्याभोवती तरंगती घाण अडवायला फळी आहे. बांधाच्या उताराला बाद झालेल्यातलेच जरा बरे दगड लावले. २० मेच्या सुमारास पावसाने जोर धरला. यंदा मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला, इतक्या लवकर येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. कार्यादेश आणखी दोन आठवडे लांबला असता तर दुसरा भाग उघडाच राहिला असता. म्हणून माझा सल्ला: अंदाजपत्रकाचं काम दिवाळीनंतर लगेच काढा, जानेवारीची वाट पाहू नका.

खर्च असा झाला. जेसीबी ३१,२०० रुपये, मजुरी ५८,०००, नवीन दगड वाहतुकीसह ३५,२००, पंपांचं भाडं आणि डिझेल १४,५००, चाळण ९,८००, गमबूट-हातमोजे वगैरे ८,४००, पाइप, टी आणि फळी ७,५००, पाण्याच्या चाचण्या ६,०००. एकूण १ लाख ७० हजार ६००. बिल मात्र लगेच निघालं नाही. मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग पूर्णत्वाचा दाखला, मग पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याची ऑनलाइन प्रणाली) सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सह्या. त्यातल्या एका सहीची मुदत नेमकी संपलेली होती, ती नूतनीकरण करण्यात जूनचा अर्धा महिना गेला. काम सुरू करण्याआधी डिजिटल सहीच्या दोन्ही डोंगलची मुदत तपासा. मजुरांचे पैसे तोवर थांबणं बरोबर नव्हतं. मुकादमाने ते स्वतःकडून आठवड्याच्या आठवड्याला दिले, हे दरपत्रक स्वीकारतानाच लेखी ठरवून घेतलं होतं.

धुतल्यावर पहिले काही दिवस पाणी दुधट करडं आलं, दगडांची भुकटी. त्याने घाबरू नये. दगडांवर जिवाणूंचा थर पुन्हा धरायला काही आठवडे लागतात, म्हणून नमुना घाईने घेऊ नका. आम्ही तो जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाने उघडीप दिली तेव्हा घेतला: बीओडी २४, घनपदार्थ ६१. पावसाच्या पाण्याने थोडं पातळ झालेलं असणार, तेव्हा पूर्ण खात्री डिसेंबरच्या नमुन्यानंतरच. दोन पाइपांतला फरक आता ४ सेंटीमीटर आहे. पहाटे अजून किंचित वास येतो. रात्री दगडांमधला प्राणवायू संपतो, त्यामुळे तो राहणारच. आउटलेटला तीन दगडी पायऱ्या केल्यात, पाणी त्यांवरून पडताना हवा घेतं.

आता गोठ्यांचं काम चालू आहे. घराघरांत जाऊन, गटाराला मिळण्याआधी दोन कप्प्यांचा गाळखड्डा करायला सांगतोय. सरपंच ताई स्वतः येतात. काहींनी केलेत, बरेच जण “पावसाळा होऊ दे” म्हणतायत. समितीने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोन्ही पाइपांची पातळी वहीत लिहायचं ठरवलंय, आणि फरक १५ सेंटीमीटरवर गेला की त्याच महिन्यात इनलेटचे पहिले दोन मीटर उपसायचे. तेवढं काम मजुरांकडून, जेसीबीशिवाय, ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून होतं. त्याची तरतूद यंदाच्या आराखड्यात वेगळ्या ओळीत, “रॉक फिल्टर देखभाल” याच नावाने केली आहे.